सात किलो दोनशे

शिक्केसाहेबांचं खरं नाव एका पितळी पाटीवर कोरलेलं आहे, पण गल्लीत ते कुणालाच ठाऊक नाही. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते, म्हणून शिक्केसाहेब. दुकानोदुकानी जायचं, काटे-तराजू तपासायचे, बरोबर निघाला तर वर्षभराचा शिक्का ठोकायचा आणि चूक निघाला तर दुकानदाराचं तोंड उतरवायचं, हे त्यांचं काम. यातला दुसरा भाग त्यांना जास्त आवडायचा. ते स्वतः कबूल करणार नाहीत, पण बायकोला विचारा. एखादा काटा पाच ग्रॅमने खोटा सापडला, त्या दिवशी गडी शीळ घालत घरी यायचा.

जेवतानाही विषय तोच. विकणारा पारड्यावर अंगठा कसा टेकवतो, आणि घेणारा, म्हणजे रद्दीवाला किंवा भंगारवाला, खालून बोट लावून पारडं हळूच वर कसं उचलतो, म्हणजे तुमची पाच किलो रद्दी चार किलोच कशी भरते, हे सगळं ते ताटावर करून दाखवायचे. बायकोने आणि लेकीने ते इतक्यांदा पाहिलं होतं की मनात आणलं असतं तर दोघी उत्तम चोर झाल्या असत्या.

निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या मंडळींनी भेट काय द्यावी? घड्याळ नाही, आरामखुर्ची नाही. काटा दिला. गोल तबकडीचा, वर पसरट पारडं असलेला, वीस किलोपर्यंत तोलणारा जुना काटा, घासूनपुसून लखलखीत केलेला. तबकडीच्या कडेला चार स्क्रूंनी पितळी पाटी बसवली होती. तिच्यावर साहेबांचं पूर्ण नाव, हुद्दा, आणि खाली ‘निष्कलंक सेवेबद्दल’. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोच्याही आलं, पण ते हे धूड घरात ठेवायचं कुठे, या विचाराने. शेवटी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलं आणि निम्मं टेबल गेलं.

घरात माणसं चार. साहेब, त्यांची बायको, लेक आणि नात. जावई जहाजावर, सहा महिने पाण्यात आणि दोन महिने जमिनीवर, म्हणून लेक बाळंतपणापासून आईवडिलांकडेच होती. नात जन्मली तेव्हा इवलीशी होती म्हणून आजीने तिला मुंगी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. लेक शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात प्रयोगशाळेत होती. नऊ वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली बाटल्या तपासल्या, आणि बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाली त्याच आठवड्यात प्रयोगशाळेची प्रमुख झाली. आता अख्खं शहर सकाळी नळ सोडायचं ते तिच्या सहीने. साहेबांनी ही बातमी गल्लीत अशी सांगितली की जणू पाणी त्यांच्याच घरातून निघत होतं.

लेक सव्वासातला घराबाहेर पडायची ती पाचला परत. मागे मुंगी आणि आजी. आजीची पद्धत साधी होती. सकाळी एकच पातेलं चढवायचं. तांदूळ, डाळ, घरात असेल ती भाजी, कधी भोपळा, कधी गाजर, कधी दुधी. सगळं मऊ शिजलं की मीठ-तिखट घालायच्या आधी दोन पळ्या वाटीत काढायच्या, चमच्याच्या पाठीने घोटायच्या, वर थोडं तूप. ते मुंगीचं. मग पातेल्यात मीठ, तिखट, फोडणी. ते सगळ्यांचं, लेकीच्या डब्याचंही. वीस-पंचवीस मिनिटांत सगळ्या घराचं पोट मार्गी. मुंगीने तोंड फिरवलं की वाटी बाजूला, तोंड उघडलं की पुन्हा पुढे. मधल्या वेळी केळं कुस्करून. संपलं पुराण.

पण घरात एक निवृत्त माणूस बसला होता आणि त्याला तपासायला काहीच उरलं नव्हतं.

“दोन पळ्या म्हणजे किती गं?” साहेबांनी एक दिवस विचारलं.

“दोन पळ्या म्हणजे दोन पळ्या.”

“ग्रॅममध्ये सांग.”

“ग्रॅम तुमच्या खात्यात. माझ्याकडे पळ्या आहेत.”

“म्हणजे अंदाज,” साहेब म्हणाले. अंदाज हा शब्द ते एकतीस वर्षं शिवीसारखा वापरत आले होते.

दुसऱ्याच दिवशी फ्रिजवर तक्ता चिकटला. मुंगीची वाटी भरण्याआधी तोलायची, भरवल्यावर तोलायची. गळ्यातलं लाळेरं आधी तोलायचं, नंतर तोलायचं. जमिनीवर पडलेली शितं उलथन्याने खरवडून तोलायची. वजाबाकी करून जे उरेल ते पोटात गेलं. आजीने पहिल्या दिवशी हे सगळं उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, “पोरीला भरवताय की पंचनामा करताय?” साहेबांनी लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी त्यांना झोप चांगली लागत होती.

आणि दर रविवारी सकाळी मुंगीचं वजन. ते मात्र थाटात. साहेब दाढी करून, धुतलेला सदरा घालून यायचे. कपाटातून पितळी वजनांची पेटी काढायचे, पन्नास ग्रॅमपासून पाच किलोपर्यंतची, आणि एकेक वजन ठेवून आधी काटा तपासायचे. पाच किलोचं ठेवलं की काटा बरोबर पाचावर. मग पारड्यावर दुपटं, दुपट्यावर मुंगी, आणि सगळ्यांनी श्वास रोखायचा. पहिल्या रविवारी सहा किलो नऊशे. पुढच्या रविवारी सात किलो पन्नास. त्याच्या पुढच्या रविवारी सात किलो दोनशे. साहेबांनी तक्त्यावर शिसपेन्सिलीने रेघ ओढली. रेघ वर चालली होती आणि साहेब तिच्यासोबत.

चौथ्या रविवारी सात किलो दोनशे. पाचव्या रविवारी सात किलो दोनशे.

आता दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, मुलांचं असंच असतं, थांबतात नि वाढतात. साहेबांनी चौकशी बसवली. कसूर कुठे आहे? काट्यात असणं शक्य नव्हतं. म्हणजे पातेल्यात. तीन जिन्नस एकत्र शिजवले तर पोरीच्या पोटात कुठला किती गेला, कुणी सांगावं? आजीचं पातेलं मुंगीपुरतं बंद झालं. तांदूळ वेगळा, डाळ वेगळी, भाजी वेगळी, प्रत्येक गोष्ट तोलून शिजवायची, गाळायची, पुन्हा तोलायची. पाच वेळांऐवजी आठ वेळा भरवायचं. आजीने हे करायला साफ नकार दिला. साहेबांना भात आणि डाळ यांतला फरक फक्त वजनात कळत होता. तेव्हा उरली कोण? लेक साडेचारला उठायला लागली. कामावर जायच्या आधी चार भांडी, तीन गाळण्या आणि आठ डब्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. स्वतःच्या डब्यात पाव घेऊन जायची.

मुंगी तोवर शहाणी झाली होती. चमचा दिसला की ओठ मिटायची. ओठ उघडलेच तर गाजराची अशी फवारणी करायची की साहेबांचा चष्मा केशरी व्हायचा. मग चष्मा पुसायचा, पुसलेलं फडकं तोलायचं, वजाबाकी करायची.

तसे पुरावे घरात हिंडत होते. मुंगीचा फ्रॉक काखेत रुतायला लागला. साहेब म्हणाले, सुती कापड आटतं. आजी म्हणाली, “अहो, ही कडेवर जड लागते हल्ली.” साहेब म्हणाले, “तू थकली आहेस.” डॉक्टरीणबाईंकडे नेली तर त्यांच्या काट्यावर सात किलो सहाशे भरली. त्या हसून म्हणाल्या, “छान आहे पोरगी. मागेल तेवढं द्या, नको म्हणाली की थांबा.” साहेब तोपर्यंत गुडघ्यावर बसून त्यांच्या काट्याच्या बुडाशी वाकले होते. उठून म्हणाले, “बाई, तुमच्या काट्यावर शेवटचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा आहे.” बाहेर पडल्यावर लेकीला म्हणाले, “शिक्का नसलेल्या काट्यावर काय विश्वास ठेवायचा?”

आणि लेकीने बापाचं ऐकलं. ती काही खुळी नव्हती. पण लहानपणापासून तिने एकच पाहिलं होतं, की शहरातले सगळे काटे खोटे असू शकतात आणि बाबांचा खरा असतो.

तिने कुणाला दोष दिला नाही, स्वतःला दिला. पोर सात महिन्यांची होईतो वजन वाढत होतं. मी कामावर गेले आणि महिन्याभरात थांबलं. तिचा हिशेब इतका सरळ होता की त्यात कुणाला बोट घालायला जागा नव्हती. आकडा अडकल्याच्या आठव्या आठवड्यात तिने सांगितलं, “या रविवारी काटा हलला नाही तर सोमवारी राजीनामा देणार.”

आजी हातातलं काम टाकून उठली. “नऊ वर्षं घासलीस त्या जागेसाठी.”

“पोरीहून मोठी नाही जागा.”

साहेबांनी मान हलवली आणि कागद घेतला. सरकारी मसुदा लिहावा तर त्यांनीच. ‘कौटुंबिक अपरिहार्यतेस्तव’ हा शब्द त्यांना इतका जमला की त्यांनी तो मोठ्याने दोनदा वाचला. लेकीने शुद्ध प्रत काढून पर्समध्ये ठेवली. आजी त्या दिवशी पहिल्यांदा चिडून बोलली. “शितावरून भाताची परीक्षा करतात. तुम्ही समोर हसतंय-खेळतंय ते शीत सोडून वजनं कवटाळून बसलात. पोरीची नोकरी गेली तर मी तुम्हाला जन्मात माफ करायची नाही, सांगून ठेवते.” पालथ्या घड्यावर पाणी. साहेब मसुद्यातला अनुस्वार बघत होते.

शनिवारी दुपारी आजी किराणावाल्याकडून तांदळाची दहा किलोची पिशवी घेऊन आली. ओटा डब्यांनी भरलेला, टेबल गाळण्यांनी भरलेलं. तिने पिशवी ठेवली पारड्यावर आणि मुंगीला झोपवायला आत गेली. साहेबांची नजर तबकडीवर गेली. सात किलो दोनशे.

आकडा चांगला ओळखीचा होता. आठ आठवडे त्या आकड्याने घराची झोप उडवली होती. पण साहेबांना त्यात मुंगी दिसली नाही, त्यांना चोर दिसला. दहाच्या पिशवीत दोन किलो आठशेची चोरी! त्यांना धुतलेला सदरा घालायचंही भान राहिलं नाही. पिशवी खांद्यावर टाकून, वयाला न शोभेल अशा चालीने ते किराणावाल्याच्या दुकानात शिरले.

किराणावाला त्यांना वीस वर्षं घाबरत आला होता. साहेब निवृत्त झाले तेव्हा त्याने दुकानात सगळ्यांना चहा पाजला होता. आता साहेबांना दारात पाहून त्याच्या हातातला डाळीचा डाव पोत्यात पडला.

“दहा किलो म्हणून सात किलो दोनशे देतोस? वीस वर्षांत शिकलास तरी काय?”

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. किराणावाल्याने पिशवी उचलून आपल्या काट्यावर ठेवली. दहा किलो. साहेबांनी काट्याचा शिक्का पाहिला. याच वर्षाचा. साहेबांनी त्याची वजनं मागितली, एकेक ठेवून काटा तपासला. पाच, सात, दहा, पंधरा, सगळं चोख. साहेबांनी वाकून पारड्याखाली पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

“साहेब,” किराणावाला अगदी हळू म्हणाला, “घरी कुठल्या काट्यावर बघितलंत?”

त्याने विचारलं तेही आदबीने, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. चारचौघांत तोंडात बसली असती तरी साहेबांना एवढं वाटलं नसतं. पिशवी पुन्हा खांद्यावर घेऊन ते परतले. जाताना जी चाल होती ती येताना नव्हती.

घरी येऊन त्यांनी काट्याला पाठमोरं केलं, मागचं झाकण काढलं. आत बघायची गरज त्यांना आजवर पडली नव्हती, कारण नोकरीत असताना त्या काट्यावर शिक्का त्यांनी स्वतःच मारला होता. पाटीच्या चार स्क्रूंपैकी खालचा एक जरा लांब होता. पत्र्यातून आरपार येऊन तांदळाच्या दाण्याएवढा आत डोकावत होता, आणि काटा फिरवणारी आतली पट्टी सरकत आली की त्याला अडून थांबत होती. कुठे? सात किलो दोनशेवर. साहेबांच्या पेटीतलं सगळ्यात मोठं वजन पाच किलोचं. त्याच्या पलीकडे त्यांनी काटा कधी तपासलाच नव्हता. खात्यातल्या सगळ्या निरीक्षकांनी मिळून, मोठ्या मायेने, निष्कलंक सेवेची पाटी ठोकून काटा खोटा केला होता.

साहेबांनी स्क्रू काढला. तांदूळ ठेवला. काटा सरळ दहावर गेला.

मुंगी नुकतीच उठली होती. तिला आणून त्यांनी पारड्यावर बसवलं. सात किलो नऊशे. पोर आठ आठवडे झकास वाढत होती, रोज, त्यांच्या नाकासमोर. साहेबांना आनंद झाला, खराखुरा, छाती भरून आली. मुंगीचे गाल दाबून ते म्हणाले, “लबाडे, खात होतीस की.” एवढं म्हणेपर्यंतच तो आनंद टिकला. मग त्यांना लेकीचा चेहरा आठवला, साडेचारचा गजर आठवला, पर्समधला कागद आठवला. आठ आठवड्यांचा हा कारभार कुणाचा, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच होतं.

आता इथे खरं सांगून मोकळं व्हायचं, एवढं साधं होतं. पण एकतीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे काटे खोटे ठरवले त्याच्या घरचा काटा खोटा, ही गोष्ट साहेबांच्या घशाखाली उतरेना. रात्रभर विचार करून त्यांनी मार्ग काढला. नोकरी वाचली पाहिजे आणि अब्रूही वाचली पाहिजे. उद्या एकदम सात किलो नऊशे दाखवलं तर लेकीला, ती तर अख्खा दिवस मोजमापातच घालवते, लगेच शंका येणार. एका आठवड्यात सातशे ग्रॅम कुणाचं पोर वाढतं? पण साडेसात दाखवलं तर? काटा हलला, लेक खूश, कागद फाडला जाईल, पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. हळूहळू खरं गाठायचं.

रविवारी सकाळी साहेब दाढी करून, धुतलेला सदरा घालून आले. पेटी काढली, वजनं ठेवली, सगळं नेहमीसारखं. दुपटं मात्र जरा मोठं घेतलं, पारड्याच्या कडेवरून खाली लोंबणारं. मुंगीला ठेवलं. आणि शिक्केसाहेबांनी डावा हात दुपट्याखाली नेऊन एका बोटाने पारडं खालून हळूच उचललं, जसं भंगारवाला उचलतो तसं. काटा थरथरत थरथरत सात किलो साडेपाचशेवर थांबला.

लेकीने तोंडावर हात ठेवला. मग ती टेबलाला टेकून रडायला लागली. “हलला,” एवढंच म्हणत होती, “बाबा, हलला.” साहेबांनी मुंगीला पटकन उचललं आणि मगच बोट काढलं.

आजी खाली पाटावर बसून विळीवर गाजरं चिरत होती. पाटावर बसलेल्या माणसाचे डोळे पारड्याच्या बुडाखाली येतात, हे साहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. तिने बोट पाहिलं होतं. त्या बोटाची करामत तिने ताटावर शंभरदा पाहिलेली होती. तिने मान वर करून साहेबांकडे बघितलं आणि पुन्हा गाजराकडे.

लेक डोळे पुसत आईकडे वळली. “आई, आता तरी पटलं ना? बाबांनी आठ वेळा भरवायला लावलं म्हणून हे झालं. तुझ्या अंदाजावर सोडलं असतं तर वाळली असती माझी पोर.”

आजी म्हणाली, “हो बाई.”

एवढंच. विळी चालू राहिली. तिने तोंड उघडलं असतं तर साहेबांना निदान उलट भांडता आलं असतं. तिने उघडलं नाही. हीच लेक वाढवलेल्या बाईने, त्याच एका पातेल्यातून वाढवलेल्या बाईने, पोरीचं असलं बोलणं ऐकून घेतलं, नवऱ्याचं बोट झाकायला. साहेबांनी मुंगीला खाली चटईवर ठेवलं.

“बोट होतं,” ते म्हणाले.

“कसलं बोट?”

“माझं. खालून. वजन सात नऊशे आहे. दोन महिने वाढतंच आहे. काटा अडकत होता.” त्यांनी खिशातून स्क्रू काढून टेबलावर ठेवला. सांगायला लागल्यावर सगळं सांगितलं, तांदूळ, किराणावाला, मागचं झाकण. मसुदा लिहिणारा माणूस, पण एक वाक्य सरळ येईना.

लेकीने स्क्रू उचलून हातात घेतला. “डॉक्टरीणबाईंचा काटा बरोबर होता?”

“बरोबर होता.”

“फ्रॉक आटला नव्हता?”

“नाही.”

“आई म्हणत होती, ही जड लागते.”

साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“आमच्याकडे एखाद्या मीटरने दोनदा तोच आकडा दाखवला ना बाबा, तर आम्ही पाण्याला दोष देत नाही. आधी मीटर बदलतो.” तिचा आवाज चढला नाही. “आठ आठवडे मी बाटल्या धुताना रडत होते. मला वाटायचं, मी गावभर पाणी तपासत फिरते आणि माझं पोर घरात उपाशी आहे. आणि तुम्ही मला राजीनामा लिहून दिलात. दोनदा वाचून दाखवलात.”

“चुकलो,” साहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी आजवर फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता.

“खोटा काटा सापडला की दुकानदाराचं तुम्ही काय करायचात?”

“सात दिवस काटा सील.”

“मग सात दिवस तुम्ही मुंगीला भरवायचं नाही. आई भरवेल.” तिने पर्समधून तो कागद काढला. आजीने तेवढ्यात पातेलं उतरवलं होतं, लेकीने कागद त्याच्या बुडाखाली सारला. मग आईजवळ पाटाशेजारी बसली आणि विळीसमोरची उरलेली गाजरं धुवायला घेतली. आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला, ओल्याच हाताने.

सोमवारी लेक सहाला उठली. एक पातेलं चढलं, दोन पळ्या निघाल्या, डब्यात पावाऐवजी भात गेला. साहेब बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. स्वयंपाकघरात चमच्याचा आवाज आला की त्यांचे हात मांडीवर चुळबुळ करायचे. मंगळवारीही तेच. किराणावाल्याने तेवढ्यात गल्लीला सगळं सांगितलं होतं, त्यामुळे बाहेर पडायचीही सोय नव्हती. तीन दिवसांत माणूस किलोभर तरी उतरला असेल, पण तोलणार कोण?

बुधवारी आजी पाणी आणायला वळली, तेवढ्यात मुंगीने वाटीत हात घातला. मूठ भरली आणि त्या एका मुठीवर लंगडत, रांगत ती बाहेरच्या खोलीत आली. वाटेत निम्मा भात जमिनीला लागला. साहेबांच्या गुडघ्याला धरून ती उभी राहिली आणि उरलेली मूठ त्यांच्या ओठांवर दाबली. साहेबांनी ओठ घट्ट मिटले आणि दाराकडे पाहिलं.

आजी दारात उभी होती. “बंदी भरवायला आहे,” ती म्हणाली. “खायला नाही.”

साहेबांनी तोंड उघडलं. कोमट, मऊ भात, तुपाचा वास, भोपळ्याचा जरासा गोडवा. मीठ नाही. सहा आठवडे या पोरीच्या तोंडात दिवसाला आठ वेळा ते चमचे कोंबत होते, आणि त्यातला एकही त्यांनी कधी स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला नव्हता. काय भरवतोय ते त्यांना ग्रॅममध्ये पाठ होतं, चवीला कसं लागतं ते आज कळलं. मुंगी मान वर करून बघत होती, आजोबा गिळतात की थुंकतात. साहेबांनी गिळलं. गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

“हे रोज असंच लागतं?” त्यांनी विचारलं.

“रोज,” आजी म्हणाली.

साहेबांनी पुन्हा तोंड उघडलं. पण मुंगीची मूठ रिकामी झाली होती, आणि ती वाटीकडे परत निघाली होती.